चाड्याचा पाईप

मी तंबाखू ओढत नाही. मिसरीही कधी लावली नाही. तंबाखूचा वास आला की माझं डोकं चढतं. तरी मी लाकडाचे पाईप कोरले, साहेब लोक तोंडात धरतात तसले. त्यातला एक अजून माझ्या पेटीत जुन्या पातळात गुंडाळलेला आहे. सून म्हणते, काचेच्या कपाटात ठेवू, आल्यागेल्याला दिसेल. मी ठेवू देत नाही. तो पाहण्यासारखा आहे हे मलाही कळतं. पण तो कशाचा केला ते मला माहीत आहे, तिला नाही.

माझं माहेर कंधारकडचं, सासर शिरूर अनंतपाळच्या बाजूचं. शिकले चौथीपर्यंत. मी येण्याआधीच सासू वारली होती, म्हणून चाड्यावर मूठ धरायचं काम लग्नाच्या वर्षीच माझ्याकडे आलं. ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तिफणीला खाली तीन फण असतात. पोकळ वेळूच्या तीन नळ्या त्या फणांना जाऊन मिळतात, आणि वर, नळ्यांच्या तोंडाशी, लाकडाची एक जाड वाटी बसवतात. तिच्या बुडाला तीन भोकं. ती वाटी म्हणजे चाडं. सासरे पुढं बैल हाकायचे, मी मागून चालत मुठीतलं बी चाड्यात सोडायचे. मूठ अशी फिरवायची की तिन्ही भोकांत सारखं पडलं पाहिजे. एखाद्या भोकात कमी पडलं की सासरे मागं न बघताच म्हणायचे, "माय, उजवी उपाशी चालली." नळीतून बी पडतं त्याची सळसळ त्यांना ऐकू यायची. मी त्यांना मामा म्हणत असे. त्यांच्या पेरणीतली ओळ रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. दुसरं मोठेपण त्यांच्याकडे नव्हतं.

आमच्याकडे एक रीत होती. तिफण कुणी मागितली तर द्यायची, पण चाडं काढून घरात ठेवून द्यायचं. चाड्याबरोबर घरची मूठ जाते, असं म्हणत. खरं-खोटं मला माहीत नाही. सगळं गाव पाळत होतं, म्हणून आम्हीही पाळत होतो.

मग लातूर जिल्हा झाला. नवी ऑफिसं आली, ऑफिसांना शिपाई लागले, आणि माझ्या नवऱ्याला नोकरी मिळाली. आम्ही लातूरला जुन्या वस्तीत एक खोली घेतली. मामा आले नाहीत. "रान सोडून मी कुटं येऊ? तिथं मला कोण वळखतं?" म्हणाले. पुढं पाऊस गेला. दुसऱ्या वर्षीही गेला. बैलांना वैरण राहिली नाही, बैल गेले. तिफण गोठ्यात भिंतीला उभी राहिली. मामा एकटेच हाताने भाकरी थापत, आणि रोज रानात एक चक्कर मारून येत. रानात काही नव्हतं.

नवऱ्याचे साहेब पाईप ओढायचे. एक दिवस टेबल पुसताना नवऱ्याच्या हातून तो पडला आणि वाटी तडकली. नवरा तो रुमालात बांधून घरी घेऊन आला. तोंड असं की घरात कुणी गेलं असावं.

"नोकरी गेली समज," म्हणाला.

"साहेबांनी बघितलं का?"

"दौऱ्यावर हायेत."

"मग रडता कशाला? आणा इकडं."

आमच्या मागच्या भिंतीला लागून एका खरादी म्हाताऱ्याचं दुकान होतं. पाळण्याचे खांब, लाटणी, खाटेचे पाय असं काम. त्याला सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे. दुकानात बायकांनी बसायची रीत नव्हती, पण मागच्या अंगणात चाची बसायची, तिथून मी जायचे. चाचांनी तो पाईप हातात घेऊन उलटासुलटा केला आणि बोरीच्या लाकडाची नवी वाटी करून जुन्या नळीला बसवून दिली. साहेब परत आल्यावर हसले म्हणे, आणि ओढलाही.

चाचा वाटी करत होते तेव्हा मी शेजारी बसून बघत होते. वर खोलगट वाटी, बुडाला भोक, भोकाला नळी. मी म्हटलं, "चाचा, हे तर एकनळी चाडं झालं." चाचांना चाडं काय ते समजेना. मी जमिनीवर काडीने काढून दाखवलं. ते हसले. "हौ बेटी, बराबर बोली. उसमें बी जाता, इसमें धुवां जाता." मग मी म्हटलं, मला एक करू द्या. मागितलं तर काय बिघडलं, असं वाटलं. चाचांनी पटाशी, गिरमिट आणि कडुलिंबाचा एक तुकडा पुढं सरकवला.

पहिला पाईप चाचांनीच ओढून बघितला, कारण मी ओढत नाही. एक झुरका घेतला आणि थुंकले. "पाईप है के काढा?"

लिंबाचं लाकूड कडू लागतं एवढंही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरा चिंचेचा केला, तो पेटवताच चिरला. तिसरा जळाला. चाची आतून ओरडायची, "तेरे पायपां पी-पीको मेरा बुढ्ढा मर जाएंगा!" पण पुढचं लाकूड तीच शोधून द्यायची.

हे सगळं दुष्काळात. नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा तेव्हा यायचा. बायका घागरी ओळीत ठेवून सावलीला बसायच्या. मीही बसायचे, आणि पदराखाली पटाशी घेऊन कोरायचे. एकदा पुढच्या गल्लीतल्या बाईने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "प्यायला पाणी न्हाई अन् ही बाई धुराची भांडी करून राहिली!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या बाईचं खरं होतं. गावाकडे सासरा एकटा, रान पडलेलं, आणि मी पाईप कोरत होते. शिवण शिकले असते तर निदान कुणाच्या अंगाला लागलं असतं. मला ते कळत होतं. हात मात्र थांबत नव्हता. लाकडातून गोल वाटी बाहेर यायला लागली की मला भूक, पाणी, काही आठवायचं नाही. लाज वाटायची ती नंतर, घागर उचलताना.

चाचा म्हणाले, "तेरा हात बैठ गया. अब लकडी अच्छी होना. पुरानी बाभूल मिलेंगी क्या? बरसों हात लगेली. वो जलती नै."

असं लाकूड कुठं आहे हे मला त्याच क्षणी माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगितलं, आणि उन्हाळ्यात एस.टी.ने गावी गेले. मामांसाठी पीठ घेतलं, चटणी घेतली.

जेवण झाल्यावर मी विचारलं, "मामा, एखादं जुनं बाभळीचं लाकूड हाय का?"

"कशाला गं?"

मी सांगितलं. मामा हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत. "पाईप? साहेबावानी? तू वढणार हायेस का?"

"न्हाई ओ. नुसतं करायला."

ते उठले, गोठ्यात गेले. मला वाटलं कुळवाचा दांडा आणतील, मोडक्या जुवाचा तुकडा आणतील. ते आले ते चाडं घेऊन. धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. "हे घे. आता पेरायचं कुटं हाय?"

आणि ते धरून थांबले.

आमच्याकडे म्हातारं माणूस असं बोलतं तेव्हा सुनेने काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. 'असं कसं बोलता मामा, पाऊस काय कायमचा गेला का,' असं म्हणून ते चाडं घ्यायचं आणि जाऊन पुन्हा तिफणीला बांधायचं. म्हाताऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. ते ऐकण्यासाठीच तर ते बोलतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण माझी नजर चाड्यावर होती. वर्षानुवर्षं हात लागून ते काळंभोर, तेलकट झालं होतं. कड जाड, बूड त्याहून जाड.

मी म्हटलं, "बरं."

मामांनी हात खाली घेतला. "ने मग," म्हणाले, आणि बाजेवर जाऊन आडवे झाले.

मी चोरलं नाही. त्यांनी दिलं, मी घेतलं. पुढं कुणी मला त्यावरून बोलू शकलं नाही ते याच्यामुळेच. कुणी बोललं असतं तर मी भांडले तरी असते.

तो पाईप मी मन लावून केला. चाड्याची तीन भोकं होती, त्यातलं एक मी तसंच ठेवलं. इतकी वर्षं ज्वारी, करडई, हरभरा त्यातून गेलेला, आतून ते काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. त्या भोकाला येऊन मिळेल अशी तंबाखूची वाटी मी बाजूच्या जाड लाकडात कोरली. उरलेलं तासून टाकलं. दुसरी दोन भोकं भुशात गेली. काचपेपरने घासला, करडईच्या तेलात मुरवला. नळी वेळूचीच लावली.

चाचांनी ओढला. पहिला झुरका घेतला, थुंकले नाहीत. दुसरा घेतला. मग म्हणाले, "अब आया."

त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा लग्नात झाला नव्हता. नवरा म्हणाला, "साहेबाला दिऊ, खूश व्हईल." मी दिला नाही. "माझा हाय," म्हटलं. असं मी आधी कुठल्याच वस्तूबद्दल म्हटलं नव्हतं.

त्याच वर्षी हस्ताचा पाऊस आला. खरीप गेलंच होतं, पण रब्बीपुरती जमीन भिजली. गावचा एक माणूस ऑफिसात कामाला आला होता, त्याच्याजवळ मामांनी निरोप धाडला. "भावकीतले बैल मिळाले. वापसा व्हायला आलाय. मूठ धरायला तुला यावं लागतंय. अन् चाडं संगं आण म्हणावं." वापसा म्हणजे जमीन पेरण्याजोगी होते ती ओल. तो चार दिवस टिकतो, मग उडून जातो.

निरोप्या गेला आणि मी खाली बसले. नवरा म्हणाला, "पाईप उलटा धरून पेर आता." त्याला तो विनोद वाटला.

भावकीतल्या कुणाचं चाडं मागावं तर ते रीतीत नाही, आणि वापशात प्रत्येकाचं चाडं ज्याच्या त्याच्या रानात. गावचा सुतार गावात नव्हता. नवा जिल्हा, त्याला टेबलं पाहिजेत, खुर्च्या पाहिजेत. आसपासच्या गावांतले सुतार सगळे लातूरला खुर्च्या करायला आले होते. मी त्याला शोधून काढलं. एका शेडमध्ये खुर्चीचे पाय रंधत होता.

"वहिनी, चाडं?" तो म्हणाला. "हितं मालक डोक्यावर बसलाय. दसऱ्यानंतर या, झकास करून देतो."

"वापसा दसऱ्यापर्यंत थांबतोय व्हय?"

"मग रातच्याला करीन म्हणतो, पण लाकूड न्हाई. बघा तुम्ही."

अजून जरा विनवलं असतं तर त्याने केलं असतं. हात जोडले असते, मामांचं नाव सांगितलं असतं, तर केलंच असतं. मी फार विनवलं नाही. परत येताना माझ्या मनात एकच होतं, की मी करीन. भीती होती, पण तिच्याखाली खुशी होती. ती खुशी मला अजून सलते.

चाचांच्या अंगणात बसून मी चाडं केलं. लाकूड बाभळीचंच होतं, पण नवं. वाटी छान आली. चाची म्हणाली, "हाय अल्ला, दुकान में रखने जैसा है." मग गिरमिट घेऊन तीन भोकं पाडली. पाईपला भोक बाजूने, तिरपं पाडतात. माझ्या हाताला तीच सवय. दोन भोकं बुडाला बरोबर उतरली. तिसरं, उजवीकडचं, ज्वारीच्या दाण्याएवढं वर निघालं. मी बोट फिरवून बघितलं. मला जाणवलं. एवढ्याने काय होतं, असं म्हणून मी एस.टी.त बसले.

मामांनी नवं चाडं हातात घेतलं. "सुतारानं केलं?"

"मी केलं."

"जुनं?"

"त्याचा पाईप झाला, मामा. तुम्हीच दिलं व्हतं की."

"हाव," म्हणाले. "दिलं व्हतं." आणि दोरी घेऊन ते तिफणीला बांधायला लागले. देताना त्यांना काय वाटलं होतं, मी ते कापीन का तसंच पेटीत ठेवीन, हे मी विचारलं नाही.

दिवसभर आम्ही पेरलं. मी मूठ फिरवत होते. उजव्या भोकाकडे जास्त फिरवत होते, पण बी घरंगळून खालच्या दोन भोकांकडेच जात होतं. मी वाट बघत होते की मामा आता म्हणतील, 'माय, उजवी उपाशी चालली.' ते एकदाही म्हणाले नाहीत. बैलांना तेवढं ओरडत होते. मला वाटलं, कान गेले असतील, वय झालं. मला बरं वाटलं. त्यांचे कान गेले म्हणून मला बरं वाटलं.

ज्वारी उगवली तशी मी पुन्हा गेले. बांधावर उभी राहून बघितलं. दोन ओळी भरून, तिसरी रिकामी. पुन्हा दोन भरून, तिसरी रिकामी. सबंध रानभर. दात पडलेल्या फणीसारखं दिसत होतं. रान रस्त्याला लागून, एस.टी.तूनही दिसायचं.

पारावर म्हातारे बसले होते. मला बघून एक म्हणाला, "या, जिल्ह्याच्या बाई. तिसरी वळ जिल्ह्याला देऊन टाकली का?"

दुसरा म्हणाला, "लातूरचं पाणी पिऊन मूठ विसरली."

मामा तिथंच होते. "मुठीला नावं ठिवू नका," म्हणाले. "मूठ बराबर व्हती. चाडं माझं जुनं झालं, भोक बुजलं आसंल. माझंच ध्यान नव्हतं."

चाडं नवं आहे हे सगळ्यांनी पेरताना बघितलं होतं. ज्या माणसाच्या ओळी बघायला लोक थांबायचे, त्याने असं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

घरी आल्यावर मी विचारलं, "मामा, पेरताना तुम्हाला आवाज आला न्हाई का?"

"आला व्हता."

"मग बोलला का न्हाईत?"

ते चूल फुंकत होते. "बोलून काय? दुसरं चाडं कुटं व्हतं?"

मी भाकरी थापायला बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पाईप तरी दाव की. बघू तरी कसा झाला."

पुढच्या खेपेला मी तो घेऊन गेले. मामा बांधावर बसले होते. त्यांनी पाईप फिरवून बघितला, अंगठ्याने वाटी चाचपली, नळी काढून भोकातून फुंकर मारली. कमरेच्या चंचीतून तंबाखू काढून भरला, पेटवला. ते चिलीमच ओढायचे, पाईप पहिल्यांदाच तोंडात धरला असेल. समोर सगळं दात पडलेलं रान. शेवटपर्यंत ओढला. राख दगडावर झटकली.

"वढ चांगली हाय," म्हणाले. "हे भोक तू पाडलंस?"

"न्हाई. ते आधीचंच. चाड्याचं."

"तरीच," म्हणाले, आणि पाईप माझ्या हातात दिला.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. पेरणीच्या आधी मामांनी रान भावकीतल्या पुतण्याला बटईने, अर्ध्या वाट्याने, दिलं आणि तिफणही दिली. मी म्हटलं, "मामा, सुताराकडून नवं चाडं करून आणते. मूठ धरायला येते." या वेळी मी सगळं बोलले, पाऊस काय कायमचा गेला का, तेही बोलले. ते "असू दे" म्हणाले. पुतण्याने स्वतःचं चाडं लावलं. मी केलेलं त्याने सोडून बांधावर ठेवलं होतं. ते पावसात भिजलं, उन्हात तडकलं. मामा त्याच्या शेजारी बसून दुसऱ्याची पेरणी बघत होते. उपाशी ओळ चालली तरी बोलले नसते, रान आता त्याच्या हाती होतं.

त्यानंतर त्यांनी पेरलं नाही.

पाईप कोरणं मी सोडलं, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण सोडलं नाही. चाचा होते तोवर कोरत राहिले. बोरीचे केले, बाभळीचे केले, एक शिसवीचाही केला. दिसायला सगळे त्या चाड्याच्या पाईपापेक्षा सरस. तशी ओढ एकालाही आली नाही.